राष्ट्रसंघ आमच्या अंगणात

वाडी, डोळखांबजवळ, तालुका शहापूर
दि. ३ नोव्हेंबर १९५७

चिरंजीव वेणू हिस जाणू धाकलूचा आशीर्वाद.

तू जूनमध्ये ठाण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेलीस आणि मी आज नोव्हेंबरात पहिलं पत्र लिहितो आहे. सव्वीस वर्षं शहापूर-डोळखांब टपालाची पिशवी पाठीवर नेलेल्या माणसाला हे शोभत नाही. शाई नव्हती, मग चष्म्याची दांडी तुटली, मग भात कापणीला आलं. अशी कारणं मी नोकरीत असताना लोकांकडून पुष्कळ ऐकली आहेत, तेव्हा तू ती खरी धरू नकोस. उशीर झाला, माफ कर.

पोरी बऱ्या आहेत. ठकूला खोकला नाही. होता, तो गेला. म्हैस बरी आहे.

आपलं ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. पारूने सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची. पास झाली तर दोघी पोरी इथे माझ्याजवळ राहतील. नापास झाली तर तू दोघींना घेऊन जाशील आणि मी मधे पडायचं नाही. माझा पोरगा झिपरू गेला, त्याच्या मागे या घरात आता त्या दोघीच आहेत, म्हणून मीच ती अट घातली होती आणि अंगणात सगळ्यांदेखत मोठ्याने म्हटलं होतं, "पोरींना शिकवायला आईच कशाला पायजे? मी शिकवीन." आणखीही एक वाक्य बोललो होतो. ते इथे लिहीत नाही.

गणित आणि भाषा डोळखांबचे मास्तर रविवारी बघतात. ते म्हणाले, "आधुनिक जगाचा इतिहास मात्र तुम्ही घ्या, आबा. गोष्टच तर सांगायची." मी हो म्हटलं. पुस्तक घरी येऊन उघडलं तर गोष्ट एकशे बेचाळीस पानांची निघाली.

तू प्रवेशासाठी वाचलेलं ते पुस्तक मी चौथी शिकलेल्या माणसाच्या बेताने, बोट ठेवून वाचतो. तुझ्या पेन्सिलीच्या खुणांचा फार आधार होतो. जिथे तू 'महत्त्वाचे' लिहिलं आहेस तिथे मी दोनदा सांगतो. जिथे 'हे येतेच' लिहिलं आहेस तिथे तीनदा. फ्रान्सच्या लोकांनी राजाला का मारलं ते परवा नीट समजावलं. नीट म्हणजे पारूने विचारलं, "आबा, मंग राजाच नको होता तर पुन्ना नेपोलियनला कशाला बसवला?" आणि मी म्हैस सोडायला गेलो.

पण एकंदर ठीक चाललं आहे. काळजी करू नकोस. मी करतो आहे.

तुझा सासरा
जाणू धाकलू

दि. १२ जानेवारी १९५८

चि. वेणू हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. ते पारूच्या नावाने होतं म्हणून मी वाचलं नाही. पारूने मोठ्याने वाचलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो, एवढंच. चार ओळी आणि त्यांत माझं नाव नाही, ते बरोबरच आहे. "इतिहास कोण घेतंय?" असं तू तिला विचारलं आहेस, म्हणून कळवतो की अजून मीच घेतो.

म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. बैल बघायला लोक जातात, मी जगाचा नकाशा घेऊन आलो. कापडाचा आहे. ठकूने पहिल्यांदा त्यात डोळखांब शोधलं. ते नाही म्हटल्यावर तिचा नकाशावरचा विश्वास उडाला.

"शहापूर तरी हाय का?"

"नाय."

"मंग ह्यांना काय ठावं?" असं म्हणून ती खेळायला गेली.

पहिलं महायुद्ध काही केल्या पोरींच्या डोक्यात शिरेना. कोण कुणाकडून, कोण आधी, कोण नंतर. माझ्याही शिरत नव्हतं, पण ते मी दाखवलं नाही. शेवटी बोहाडा आठवला. आपल्या बोहाड्यात बावन्न सोंगं येतात, एकापाठोपाठ एक, प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराचा, तरी शेंबडं पोरही क्रम चुकत नाही. मग युरोपाचा क्रम का चुकावा? मी पोरींना म्हटलं, "हे युद्ध म्हणजे बोहाडा धरा. गणपती, सरस्वती झाली. आता ऑस्ट्रियाचं सोंग येईल." पुठ्ठ्याचे मुखवटे केले. शेजारची पोरं आली. ढोलकीला पत्र्याचा डबा घेतला. दोन दिवसांत पारूला सगळं युद्ध पाठ झालं!

लोक बघायला येऊ लागले ते मी बोलावलेले नाहीत. पण आले ते आले, बोलूही लागले. इटलीचं सोंग आधी एकीकडून उभं राहिलं आणि नंतर दुसरीकडून नाचलं, तर म्हातारी चिमा म्हणाली, "एकाच मुखवट्यानं दोनी बाजूंनी नाचायचां? लाज नाय?" रशियाचं त्याहून अवघड झालं. तो युद्धाच्या मध्यावर मुखवटा काढून घरी गेला, कारण पुस्तकात तसंच आहे. पण तोंडावर चढवलेलं सोंग देवासमोर गेल्याशिवाय उतरवायचं नाही, हा आपला नियम. सगळे म्हणाले दोष लागला. रशिया झालेल्या पोराच्या आईने संध्याकाळी नारळ आणून फोडला. तेव्हा रशियाचा दोष आता राहिलेला नाही.

अमेरिका उशिरा आली. जेवण वाढायच्या वेळी जावई यावा तशी. हे पारूच्या चांगलं लक्षात राहिलं.

पुढे पान ९७ वर राष्ट्रसंघ म्हणून दोन पानांचा धडा आहे. त्याच्या समासात तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, 'सोडले तरी चालेल.' त्याप्रमाणे मी सोडला. पुढच्या आठवड्यात हिटलर घेतो.

तुझा सासरा
जाणू धाकलू

दि. २३ फेब्रुवारी १९५८

चि. वेणू हिस आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल. वाडीत भांडण झाल्याचं तुला डोळखांबच्या कुणी कळवलं असेल तर ते तेवढं मोठं नाही. कोंडू माझ्याशी बोलत नाही आणि विहिरीवर बायका दोन रांगांत उभ्या राहतात, एवढंच.

झालं असं. हिटलर ठकूला दिला होता. कोळशाची मिशी काढली, खोक्याचा मुखवटा केला, छान दिसत होती. तेवढ्यात कोंडू आला. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "जाणूदादा, ह्यो राक्षस का?"

"राक्षसच म्हणायचा," मी म्हटलं.

"मंग आमाला इचारलां का नाय?"

"तुला कशाला विचारायचं?"

"रावणाचा मान आमच्या घराचा. माज्या पणज्यापासना. ह्या वाडीत राक्षसाचां सोंग आमच्याबिगर कुणी चढवलां नाय, आन् तू पोरीच्या तोंडाला लावतोस?"

"अरे, हा रावण नव्हे. जर्मनीचा हिटलर. याने लाखो माणसं मारली."

"मंग तर आमचाच!" कोंडू म्हणाला.

मी घाबरलो. तू मला ओळखतेस. मी म्हटलं, सगळ्यांनी बसून ठरवू. आपल्या अंगणात बैठक घेतली. फार चांगली बैठक होती. सगळ्या घरांची माणसं आली, मी स्वतः कागदावर लिहिलं की यापुढे कुणीही राक्षसाचं सोंग बैठकीला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही आणि कुणी घेतलं तर बाकी सगळ्यांनी मिळून त्याला अडवायचं. सगळ्यांनी अंगठे दिले. फक्त चिमाच्या मुलाने दिला नाही. ही बैठक घ्यायचं मुळात त्यानेच सुचवलं होतं, वाडीत घरही त्याचंच मोठं. पण अंगठ्याची वेळ आली तेव्हा म्हणाला, "आमी सोंगात नाय. आमी फक्त संबळ देतो." संबळ त्यांच्याच घरचा, त्याला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी कोंडू खरा लाकडी रावणाचा मुखवटा चढवून आला आणि ठकूला बाजूला सारून पोलंडात, म्हणजे आपल्या गोठ्याकडे, उभा राहिला. पुन्हा बैठक भरली. सगळे म्हणाले, कुणीतरी त्याला सांगायला पाहिजे. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कागद वाचून दाखवला. कोंडू उठला. "तुमची बैठक तुमालाच लखलाभ," म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या मागे इटली आणि जपानही उठले, कारण ते त्याचे मेहुणे आहेत.

आता अंगठ्यांचा कागद माझ्याजवळ आहे आणि गोठ्यात रावण आहे. हे पारू सगळं बघत बसली होती. तिचा अभ्यास बुडाला तो बुडालाच. या गोंधळात दुसरं महायुद्ध कशामुळे सुरू झालं ते मला नीट सांगता आलं नाही. परीक्षेला सहा आठवडे आहेत. रात्री झोप येत नाही, पण ते म्हातारपणामुळे.

तू लिहू नकोस, पण कशामुळे सुरू झालं ते दोन ओळींत लिहिलंस तर बरं.

तुझा सासरा
जाणू धाकलू

दि. ११ मार्च १९५८

चि. वेणू हिस आशीर्वाद.

तुझ्या दोन ओळी पोचल्या. या वेळी कार्ड माझ्या नावाने होतं. मी ते तीनदा वाचलं, 'हे येतेच' असल्यासारखं.

कोंडूचं मिटलं. मी मिटवलं नाही, रखमीने मिटवलं. कसं ते सांगतो, कारण त्यात माझं एक जुनं पाप बाहेर निघालं आहे आणि ते तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नव्हतं, असं मी समजत होतो.

परवा अंगणात पुन्हा सोंगं चालली होती. अर्धी. इंग्लंड होतं, जर्मनी रुसलेली. रखमी कधी येत नाही ती काठी टेकत आली, बसली आणि म्हणाली, "जाणू, माजा मंगळू ह्यात कुठल्या सोंगात हाय रे?"

मंगळू फौजेत खेचरांमागे होता आणि चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात गेला, तिथेच राहिला. ते तुझ्या लग्नाआधीचं. मी पुस्तक उघडलं. ब्रह्मदेशाची दीड ओळ आहे. खेचरं नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "रखमे, पुस्तकात नाय."

"आसां," ती म्हणाली. "एवढा थोरला बोहाडा आन् माज्या पोराला सोंग नाय."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. आत गेलो, टपाल नेताना वाजवायची रनरची घुंगरांची काठी खाली काढली, जुनी खाकी पिशवी गळ्यात घातली आणि बाहेर येऊन म्हटलं, "हे टपालाचं सोंग. हे ब्रह्मदेशातून येतंय." अंगणाला एक फेरी घातली आणि रखमीसमोर उभा राहिलो. मग सगळ्यांसमोर बोलून गेलो. मंगळूचं सरकारी पत्र डोळखांबच्या पोस्टमास्तरांनी माझ्या हाती दिलं होतं, आणि ते मी चार दिवस भाताच्या कणगीत ठेवलं होतं. तिच्या दारात जायचा मला धीर नव्हता. आणि त्या चार दिवसांत रखमीने मंगळूची सोयरीक ठरवली, सुपारी फोडली. मी पाचव्या दिवशी पत्र घेऊन गेलो. नंतर ती सोयरीक मोडायला तिला एकटीला जावं लागलं.

चौदा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वाटलं, आता म्हातारी काठी उचलणार.

रखमी म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"रोज तुजी घुंगरां माज्या दारावरना जायची. ते चार दिस नाय गेली. वरल्या वाटेनं गेलास. पाचव्या दिशी पत्र घेऊन आलास, तवा म्या समजले काय तां." मग म्हणाली, "चार दिस पोर जित्ता राह्यला माजा. सुपारी फुटली त्याची. तां काय वायट झालां?"

पलीकडे कुंपणाशी कोंडू उभा होता, तो कधी आला मला कळलं नाही. तो रावणाचा मुखवटा काखेत घेऊन आत आला आणि ठकूला म्हणाला, "घे गो. पण सांभाळून. दहा डोकी हायेत, जड लागंल." ठकूने तो चढवला आणि पुढे तोंडावर पडली. मग सगळे हसले, रखमीसुद्धा.

दुसरं महायुद्ध त्याच दिवशी पूर्ण झालं.

तुझा सासरा
जाणू धाकलू

दि. २० एप्रिल १९५८

चि. वेणू हिस आशीर्वाद.

परीक्षा झाली. मी पारूला घेऊन शहापूरला गेलो होतो, तीन दिवस धर्मशाळेत राहिलो. माझ्यासारखे पुष्कळ बापे बाहेर झाडाखाली बसले होते. त्यांच्यात सगळ्यात जास्त घाम मला आला.

इतिहासाचा पेपर झाला आणि पारू बाहेर आली ती हसत. मला धीर आला. मग तिने प्रश्न सांगितला आणि तो गेला. दहा मार्कांचा, सक्तीचा: 'पहिल्या महायुद्धानंतर शांतता टिकवण्यासाठी स्थापन झालेला राष्ट्रसंघ अपयशी का ठरला?'

वेणू, पान ९७. सोडले तरी चालेल.

मी तुला दोष देत नाही. रस्त्यात मनातल्या मनात दिला, पण किन्हवली गाव येईपर्यंत तो संपला. पेन्सिल तुझी असली तरी पान उलटणारा मी होतो. पारूला विचारलं, "मग तू काय लिहिलंस? धडा तर झालाच नव्हता."

"झाला ना, आबा," ती म्हणाली. "आपल्या अंगणात झाला."

तिने काय लिहिलं ते तिने मला एसटीतून उतरून वाडीकडे चालता चालता सगळं सांगितलं. मी घरी येऊन लगेच उतरवून काढलं, ते असं: 'राष्ट्रसंघ ही एक बैठक होती. युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून ती घेतली. सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. पण ज्याने बैठक सुचवली तो मोठा देश स्वतः तिच्यात बसलाच नाही. एकाने नियम मोडला तेव्हा त्याला कुणीतरी अडवावं असं सगळ्यांना वाटलं, पण कुणीतरी म्हणजे कोण हे ठरलं नव्हतं. बैठकीजवळ कागद होता, काठी नव्हती. मग जर्मनी उठून गेली, आणि तिच्यासारखे आणखी दोघे उठून गेले. उरलेले कागद वाचत बसले.'

"कोंडूचं नाव घातलंस का?" मी घाबरून विचारलं.

"नाय. जर्मनीच लिवलां. कोंडूकाका नाराज झाला असता."

आता मी हे पान ९७ शी ताडून बघायला हवं. पुस्तक उघडून दोनदा बसलो, पण वाचवत नाही. चुकलं असेल तर मला कळायला नको. बोट त्या पानाशी गेलं की म्हैस सोडावीशी वाटते. म्हणून तुला लिहितो. तू तुमच्या बाईंना विचार हे उत्तर बरोबर का चूक. एक अडचण मात्र नक्की आहे. मोठा देश बैठकीत का बसला नाही याचं कारण पारूने घाईत असं दिलं आहे की, 'अमेरिका म्हणाली, आम्ही फक्त संबळ देतो.' हे परीक्षक धरतील का? अमेरिकेने खरोखर काही वाजवायला दिलं होतं का?

आणखी एक गोष्ट आहे, ती मला एसटीत बसल्यावर सुचली. अट घालताना हे माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. पारू नापास झाली तर तू दोघींना नेशील. पण पास झाली तर आठवी. आठवी शहापूरला. म्हणजे तरीही जाईल. मी वर्षभर तिला जवळ ठेवायला शिकवलं आणि शिकवत शिकवत शहापूरच्या एसटीत बसवलं. निघताना तिथल्या मोठ्या शाळेच्या फाटकातून ती वाकून आत बघत होती. मी तिला हाक मारली, तिला ऐकू आली नाही.

तेव्हा अटीचा कागद माझ्याजवळ असता तर मी फाडला असता, पण आपण कागद केला नव्हता. तोंडी होती, ती तोंडीच मोडतो. आणि जाताना मी जे दुसरं वाक्य बोललो होतो, "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस," ते मागे घेतो. अंगणात सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून काल अंगणात सगळ्यांदेखत मागे घेतलं. कोंडूने साक्ष दिली. चिमाच्या मुलाने संबळसुद्धा वाजवला, ते मी सांगितलं नव्हतं.

तुझं ट्रेनिंग पुरं झालं की नेमणूक कुठे हवी ते विचारतात म्हणे. डोळखांबला एक जागा आहे, शहापूरलाही असतील. मी सांगत नाही, नुसती माहिती दिली. शहापूर घेतलंस तर पारू तुझ्याजवळ राहील, आणि ठकूला घेऊन मी आठवड्याला येईन. रस्ता पाठ आहे.

बोहाडा पुढच्या आठवड्यात आहे, खरा. यंदा शेवटी एक जास्तीचं सोंग घ्यायचं बैठकीत ठरलं, टपालवाल्याचं. त्याचा मान रखमीच्या घराचा. नाचायचं मी आहे, गुडघे दुखतात, पण घुंगरं तिच्या दारावरून न्यायची आहेत.

आता तू उत्तर पाठव. राष्ट्रसंघाचं बरोबर निघो की चूक, तू येणार असशील की नसशील, जे असेल ते कळलं त्याच दिवशी टपालात टाक. चार दिवस जवळ ठेवू नकोस. तसं करणारा घरात एक आहे, तेवढा पुरे.

तुझा वाट बघणारा सासरा
जाणू धाकलू